परत येईपर्यंत थांबू नकोस

डॉक्टरताईंना विचारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची उदगीरची. लातूरला राहून नीटची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा क्वालिफाय झाले पण गव्हर्नमेंटला लागण्याइतके मार्क नव्हते आणि प्रायव्हेटची फी आमच्या आवाक्यातली नव्हती म्हणून २०२२ च्या शेवटी बिश्केकला, किर्गिझस्तानला आले. आता चौथं वर्ष सुरू झालंय. इथे माझे ग्रेड चांगले आहेत, बऱ्याच विषयांत पाचपैकी पाच आहेत. पण परवा रूममेटने एफएमजीईची, म्हणजे परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांना भारतात नोंदणीसाठी पास व्हावी लागते त्या परीक्षेची, एक मॉक टेस्ट लावली, मी पण सोबत सोडवली, ३०० पैकी ८७ आले. त्या रात्री झोपच लागली नाही. पप्पांनी शेत गहाण ठेवून लोन काढलंय. सिनिअर म्हणतात आत्तापासून टेन्शन कशाला घेते, परत गेल्यावर दिल्लीला सहा महिने क्लास लाव, होऊन जातं. रूममेट म्हणते आजच एमबीबीएसच्या सगळ्या १९ विषयांचं अ‍ॅप घे आणि अ‍ॅनाटॉमीपासून सगळं परत सुरू कर. मला काहीच कळत नाहीये, सुरुवात नेमकी कुठून करू?
(एक वाचक, बिश्केक)

उत्तर : सगळ्यात आधी ते ८७ घेऊन बसू, कारण तुझी झोप त्यानेच उडवलीये. एफएमजीईत ३०० प्रश्न, प्रत्येकाला १ मार्क, चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे डोळे मिटून टिकमार्क केले तरी ७५ च्या आसपास येतात, त्या हिशोबाने ८७ कमीच आहेत, खोटा दिलासा मी देणार नाही. पण त्या ३०० मधले २०० प्रश्न क्लिनिकल विषयांचे असतात, मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पीडियाट्रिक्स, डोळे, कान-नाक-घसा, पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य. हे विषय तुला आत्ता कुठे सुरू होतायत. न शिकलेल्या विषयात मार्क पडणार कुठून? तू त्या टेस्टचे पहिल्या तीन वर्षांच्या विषयांचे १०० प्रश्न वेगळे काढ आणि त्यात किती बरोबर आले ते बघ. ४५-५० असतील तर तू ठीक आहेस. २५-३० असतील तर मात्र पाया कच्चा राहिलाय, आणि तसं असेल तरी हातात दोन वर्षांहून जास्त वेळ आहे. हे आज कळलं ते फार बरं झालं, मला हे डिग्री हातात आल्यावर कळलं होतं.

मी रशियात शिकले. तिकडेही तुमच्यासारखीच पद्धत, परीक्षेला टेबलावर तिकिटं मांडलेली, एक उचलायचं, त्यावरचे दोन-तीन प्रश्न वाचायचे, जरा वेळ विचार करून मॅडमसमोर बसून बोलायचं. आमच्या बॅचला तिकिटं आधीपासून पाठ असायची. बोलता आलं की पाच. मला सहा वर्षं असे पाच मिळत गेले आणि आपण हुशार आहोत असं मला मनापासून वाटत होतं. परत आले, पहिल्या प्रयत्नात १३८. पास व्हायला १५० लागतात. त्या १२ मार्कांनी माझं एक वर्ष नेलं आणि घरातली शांतता पण नेली. तोंडी परीक्षेत आपल्याला येतं ते आपण सांगतो. इथे समोरचा त्याला पाहिजे ते विचारतो, एका मिनिटाला एक प्रश्न, सकाळी १५० प्रश्न १५० मिनिटांत आणि दुपारी परत तेवढेच. या दोन सवयी वेगळ्या आहेत आणि दुसरी सवय सहा महिन्यांत लागत नाही, म्हणून 'परत आल्यावर बघू' हे वाक्य कोणी म्हटलं की मला आजही धस्स होतं. अलीकडच्या वर्षांत या परीक्षेचा निकाल बहुतेक वेळा १० ते ३० टक्क्यांच्या मधे लागलाय, आणि जे राहतात त्यात दिल्लीचे क्लास केलेली मुलं पण भरपूर असतात.

आता अ‍ॅनाटॉमीपासून परत सुरू करायचं का, तर नको, अजिबात नको. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७ मार्कांचे. मुली काय करतात, चौथ्या वर्षात नव्या वहीत अ‍ॅनाटॉमी सुरू करतात, ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं, सुंदर रंगीत चित्र काढतात, दोन महिने त्यातच जातात आणि तोपर्यंत समोर चाललेलं मेडिसिन हातातून सुटतं. मेडिसिन ३३ चं आहे, सर्जरी ३२, गायनॅक ३०, पीएसएम ३०. हे चार मिळूनच १२५ झाले. पीडियाट्रिक्स, डोळे आणि ईएनटी १५-१५. आणि यातलं बरंचसं तुला याच दोन वर्षांत वर्गात शिकवणार आहेत.

म्हणून सुरुवात आज वर्गात जे झालं तिथून कर. आज कार्डिओलॉजीच्या सायकलला, म्हणजे त्या विषयाच्या सलग वर्गांत, मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं) झालं ना, मग संध्याकाळी त्याच विषयाचे २५ प्रश्न सोडव, आधी वाचून मग प्रश्न असं करू नकोस, आधी प्रश्न सोडव, चुक, आणि मग जे चुकलं तेवढंच वाच. वाचताना त्या विषयामागचं फिजिओलॉजी, पॅथॉलॉजी, फार्मा आपोआप वर येतं, झडप अरुंद झाली तर डाव्या एट्रियममधला दाब का वाढतो हे बघायला तू फिजिओलॉजीच उघडणार आहेस. तुझी पहिली तीन वर्षं अशी मागच्या दाराने परत होतील आणि लक्षात पण राहतील, कारण आता त्यांना चिकटायला पेशंट आहे. रोज २५, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे १२५. तुझ्याकडे चौथं-पाचवं वर्ष धरून साधारण १०० आठवडे आहेत. १२,५०० प्रश्न होतात. आठवड्याचे दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवलेत कारण ओत्राबोत्का, म्हणजे बुडलेले वर्ग भरून काढणं, असते, घरी फोन असतो, कपडे धुवायचे असतात, मला माहितीये.

एक वही कर, फक्त चुकांची. प्रश्न पूर्ण उतरवू नकोस, एका ओळीत 'मला काय वाटलं आणि खरं काय होतं' एवढंच लिही. माझ्या दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी शेवटचे २० दिवस मी ही वही सोडून काहीही उघडलं नाही.

अ‍ॅपचं म्हणशील तर प्रश्नांसाठी एक क्यू बँक, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच, घे, एकच, दोन-तीन जणींत मिळून अकाउंट वापरू नका, कोण किती सोडवतंय ते कळत नाही आणि भांडणं होतात. पूर्ण १९ विषयांचे व्हिडिओ आत्ता घ्यायची गरज मला वाटत नाही. शेकडो तासांचे व्हिडिओ बघण्यात अभ्यास झाल्याचं समाधान फार मिळतं, पेन मात्र हातात येत नाही. पप्पांचे पैसे आहेत, जो विषय खरंच कळत नाहीये तेवढ्यापुरता व्हिडिओ बघ.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. या पेपरमध्ये ४० मार्क असे आहेत जे बिश्केकमध्ये तुला बहुतेक कोणीही शिकवणार नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही कारण ते भारताबद्दलचे आहेत. पीएसएम ३० आणि फॉरेन्सिक, म्हणजे वैद्यकातली कायद्याची बाजू, १०. मी पहिल्यांदा इथेच आपटले.

टीबीचंच घे. तुझ्या तिकडच्या पुस्तकात असेल की नव्या टीबीच्या पेशंटला २ महिने चार औषधं आणि पुढचे ४ महिने आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोनच. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुढच्या ४ महिन्यांतही एथॅम्ब्युटॉल चालूच राहतं, दोनाऐवजी तीन. पर्यायांमध्ये दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी दिलेली असतात आणि तू तिकडचं टिकमार्क करून खुशीत पुढे जाशील. सिनिअरच्या नोट्स वापरत असशील तर अजून सांभाळून, मी शिकले तेव्हा डोस आठवड्यातून तीनदा होता, २०१७ मध्ये देशभर रोजचा झाला, आणि कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये आरएनटीसीपीचं एनटीईपी झालं. लसीकरणाच्या तक्त्याचं तेच. पोलिओच्या इंजेक्शनचे डोस आधी ६ आणि १४ आठवड्यांना असे दोनच होते, २०२३ पासून ९ महिन्यांना तिसरा आला. फॉरेन्सिकमध्ये तर १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे ३०४ अ हे आमच्या पिढीला झोपेतून उठवलं तरी आठवतं, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. खून ३०२ चा १०३ झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफ आधी डिलीट कर.

याला रोज वेळ नको, रविवारचा एक तास पुरे, पण दर रविवारी. लसीकरणाचा तक्ता हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटव. सपाट भागात प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकांमागे, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागे, उपकेंद्र ५,००० आणि ३,०००, असल्या गोष्टी पाठच कराव्या लागतात. सुट्टीत उदगीरला येशील तेव्हा जवळच्या उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी जाऊन दोन तास बस, सिस्टरना सांग मी शिकतेय, त्या प्रेमाने सगळं दाखवतील. शीतपेटीत कुठली लस कशी ठेवतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं की तो प्रश्न आयुष्यात चुकत नाही.

आणि साप. तिकडच्या अभ्यासात आपले साप नाहीत. आपल्याकडे चार मुख्य विषारी, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. प्रश्न असा येतो, शेतमजूर, रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, चावल्याची खूण धड दिसत नाही, सूज नाही, आणि थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागल्या. उत्तर मण्यार. हाच माणूस जर पायाला सूज आणि हिरड्यांतून रक्त घेऊन आला तर डोक्यात घोणस आली पाहिजे, मग काचेच्या कोऱ्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं की नाही ते बघायचं. मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते तिथे पावसाळ्यात अशी माणसं खरोखर येतात, पहिल्यांदा एक आजोबा पापण्या मिटत चाललेल्या अवस्थेत आले तेव्हा माझ्या तोंडून मण्यार हा शब्द सिस्टरच्या आधी बाहेर पडला आणि अँटिव्हेनम वेळेत लागलं. विंचवाचंही वाचून ठेव, लाल विंचू चावल्यावर प्राझोसिन हे औषध द्यायचं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या पेशंटवर काम करून जगाला दाखवून दिलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या गावाकडच्या डॉक्टरचं काम आपल्या परीक्षेत येतं याचा मला फार अभिमान वाटतो.

अजून एक, तिकडे पेशंटशी बोलायला चालतं ते थोडं रशियन शीक. यात परीक्षेचा काय संबंध असं वाटेल, पण वॉर्डात पेशंटला 'ग्द्ये बालीत?', म्हणजे कुठे दुखतंय, एवढं जरी विचारता आलं तरी पेशंट तुझ्याशी बोलतो. आमच्यातल्या ज्या मुली भिंतीला टेकून मोबाइल बघत उभ्या राहायच्या त्यांना पुढे लांबलचक केसवाले प्रश्न फार जड गेले. तुला वॉर्ड मिळतोय, तो वाया घालवू नकोस.

दर तीन महिन्यांनी एक पूर्ण ३०० ची टेस्ट दे, त्याच वेळेत, मधे फोन न बघता. पुढच्या वेळी १०० यावेत, पाचवं वर्ष संपताना १५० च्या आसपास. १७० च्या पुढे गेलीस की मला इथेच पत्र लिहून कळव, मी वाट बघते.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा फिलिपिन्सवरून डॉक्टरकी शिकून आला. दोनदा परीक्षा दिली, पहिल्यांदा १२८ आणि आता १४१. आता खोलीच्या बाहेर येत नाही, जेवायला दहा वेळा बोलवावं लागतं. नातेवाईक विचारतात डॉक्टर झाला का, काय उत्तर द्यावं. त्याचे वडील म्हणतात दिल्लीला मोठ्या क्लासला पाठवू, खर्च खूप आहे. एका ओळखीच्या हॉस्पिटलमधून रात्रपाळीला डॉक्टर म्हणून ये, पगार देतो असंही विचारलंय. काय करावं?
(एक आई, नांदेड जिल्हा)

उत्तर : ताई, आधी त्या हॉस्पिटलबद्दल. नाही म्हणा, आजच. त्याची अजून मेडिकल कौन्सिलला नोंदणी झालेली नाही आणि नोंदणी नसताना डॉक्टर म्हणून काम करणं हा गुन्हा आहे, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. रात्री काही कमीजास्त झालं तर बोलावणारे बाजूला होतील आणि सही तुमच्या मुलाची असेल. सहा वर्षांची मेहनत यात घालवू नका.

आता त्याचे मार्क बघा. १२८ वरून १४१. तो १३ मार्कांनी पुढे आलाय आणि त्याला फक्त ९ कमी पडलेत. घरात सगळे 'दोनदा नापास' म्हणत असतील, मला तर हा मुलगा अगदी दारात उभा दिसतोय. ९ मार्कांसाठी दिल्लीला जाऊन सगळं पहिल्यापासून ऐकायची गरज नसते, कुठले प्रश्न चुकतात ते शोधायची गरज असते. त्याला हे दाखवा, सायकियाट्री, स्किन, रेडिओथेरपी, अ‍ॅनेस्थेशिया, ऑर्थो आणि रेडिओडायग्नोसिस हे सहा छोटे विषय ५-५ मार्कांचे आहेत, मिळून ३०. बहुतेक मुलं हे शेवटच्या आठवड्यावर टाकतात आणि शेवटच्या आठवड्यात ते होत नाहीत. वरच्या उत्तरातलं पीएसएम आणि फॉरेन्सिकचं पण त्याला वाचायला द्या. दोघं-तिघं मिळून अभ्यास करणारे मित्र आसपास असतील तर नांदेडला किंवा संभाजीनगरला लायब्ररी लावून बसू दे, घरच्या खोलीतून बाहेर पडणं हेच त्याला आत्ता सगळ्यात जास्त हवंय. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही, त्यामुळे हा शेवटचा चान्स आहे असं कुणी त्याला म्हणू नका.

पण ताई, परीक्षेच्या आधी मला त्याच्या खोलीची काळजी वाटते. झोप, जेवण, बोलणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त बिघडलं असेल तर अभ्यासाचं नंतर बघू, आधी त्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. तुम्हाला किंवा त्याला फोनवरच बोलायचं असेल तर टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे, कुठल्याही वेळी लागतो. त्याने जगण्याबद्दल काही उदास, वेगळं बोललं तर ते रागात बोललाय असं समजून सोडू नका, त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट मुलं मोकळी होतात.

नातेवाईकांना सांगायचं, त्याची परीक्षा चालू आहे. एवढंच. माझी आई हेच सांगायची आणि विषय बदलून चहा टाकायला आत जायची. मी नापास झाले त्या दिवशी तिने निकालाचं काहीही विचारलं नाही, पिठलं-भाकरी केली आणि माझ्या शेजारी बसून जेवली. ते मी अजून विसरले नाहीये.

प्रश्न : एफएमजीई बंद होऊन नेक्स्ट ही नवी परीक्षा येणार म्हणतात, मग आत्ता एफएमजीईचा अभ्यास करून उपयोग काय?
(तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, तिबिलिसी, जॉर्जिया)

उत्तर : नेक्स्ट २०१९ च्या कायद्यातच आहे, २०२३ मध्ये ती पुढे ढकलली आणि हे लिहीपर्यंत सुरू झालेली नाही. आली तर भारतात शिकलेल्या मुलांना पण द्यावी लागेल, म्हणजे तुम्ही सगळे एकाच रांगेत. पण हृदय तेच, किडनी तीच, टीबीची औषधं तीच. रोजचे २५ प्रश्न कुठल्याही नावाच्या परीक्षेला चालतात. नावाच्या चर्चेत ग्रुपवर रात्रीचे दोन तास घालवू नकोस, बाळा.

प्रश्न : मुलगी यंदा परदेशातून एमबीबीएस पूर्ण करतेय. परीक्षेच्या फॉर्मसाठी कागदपत्रांचं काय बघायचं?
(एक वडील, सोलापूर)

उत्तर : तिने २०२१ च्या १८ नोव्हेंबरनंतर अ‍ॅडमिशन घेतलं असेल तर नवे नियम लागतात. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्रजीतून, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, आणि सुरुवातीपासून १० वर्षांच्या आत सगळं पूर्ण. इकडे आल्यावर परत १२ महिन्यांची इंटर्नशिप असते ती वेगळी. डिग्रीवर तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) लागतं, आणि हे काम इथे बसून करायला गेलं तर महिनोन् महिने जातात, फॉर्मची तारीख निघून जाते. म्हणून हॉस्टेल रिकामं करायच्या आधी तिला तिथूनच करून घ्यायला सांगा. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे विषयवार मार्कांचा उतारा, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट, कोर्स किती महिन्यांचा होता याचं पत्र, सगळ्यावर पासपोर्टमधलंच नाव, स्पेलिंगसकट. आडनावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं म्हणून माझ्या मैत्रिणीची एक संधी हुकली होती. जुना पासपोर्ट असेल तर तोही जपून ठेवा, त्यावरचे येण्या-जाण्याचे शिक्के नंतर मागतात.